सर्व्हरवरच्या सासूबाई

तिनं एंटर दाबलं आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसली. सर्व्हरवरचा पहारा सुरू झाला होता. पडद्यावर काही हललं नाही, कुठे दिवा लागला नाही. एवढं मोठं काम झाल्याचा त्या यंत्राला पत्ताच नसावा. शेजारच्या टेबलावरून झटपटनं मान लांब करून विचारलं,

‘बसवलंस सासूबाईंना गादीवर?’

‘बसवलं.’

‘मग आता सांभाळ.’

झटपट म्हणजे तिचा ऑफिसातला जोडीदार. आईवडिलांनी नाव काही वेगळं ठेवलं असणार, पण बिघडलेलं कुठलंही काम तो चहा निवायच्या आत चालू करून द्यायचा, म्हणून अख्खी रक्तपेढी त्याला याच नावानं हाक मारायची. त्याच्या झटपटपणात जादू वगैरे काही नव्हती. काही अडलं की तो सगळ्यात आधी पहारा बंद करायचा. पहारा म्हणजे सर्व्हरच्या पोटात बसलेला एक हट्टी रखवालदार. सर्व्हरवरच्या प्रत्येक फाईलला एक लेबल, काम करणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला एक लेबल, आणि कोणत्या लेबलानं कोणत्या लेबलाला हात लावायचा याचे नियम आधीच ठरलेले. नियमात नसेल तर नाही म्हणजे नाही, मग मागणारा सर्व्हरचा मालक का असेना.

ऊठसूट नन्नाचा पाढा लावणारा म्हणून ऑफिसात त्याचं नाव पडलं होतं सासूबाई. पहारा बंद करण्याला म्हणायचं ‘सासूबाईंना झोपवणं’. नवा माणूस रुजू झाला की त्याला आधी चहाचं मशीन दाखवायचे आणि मग सासूबाईंना कसं झोपवायचं ते. तिला हा विनोद कधी आवडला नाही. तिच्या स्वतःच्या सासूबाई म्हणजे गरीब गाय. घरात सासूपणाचं खातं नणंदेकडे होतं.

आणि नणंदबाई याच इमारतीत, खालच्या मजल्यावर, रक्तपेढीच्या मुख्य तंत्रज्ञ होत्या. रक्ताची एकही पिशवी त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. वरच्या मजल्यावरच्या माणसांबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं, आणि त्याला कारणही तसंच घडलं होतं.

काही महिन्यांपूर्वी कुणीतरी परका बाहेरून या सर्व्हरमध्ये शिरला होता. शिरला तो लॉगिनच्या सेवेतून. इमारतीतल्या प्रत्येकाची ओळख पटवून त्याला आत सोडणारा जो प्रोग्रॅम, त्यालाच त्यानं फितवलं आणि त्याच्या हातानं रक्तदात्यांच्या यादीपर्यंत पोचला. सासूबाई तेव्हा गाढ झोपलेल्या. त्यानं यादी नुसती वाचली की तिच्यात काही बदललं, हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येईना. एखाद्या नावापुढचा रक्तगट बदलला असेल तर? नणंदबाईंच्या माणसांनी फ्रीजमधली पिशवी न् पिशवी काढून पुन्हा तपासली. रक्तगट सगळे बरोबर निघाले, पण तोवर खालच्या मजल्याच्या नाकी नऊ आले होते.

पहारा जागा असता तर लॉगिनच्या सेवेला यादीच्या आसपासही फिरकू दिलं नसतं, असं तेव्हा हिनं सांगितलं आणि एका रविवारी पहारा सुरू केला. रविवार सुरळीत गेला. सोमवारी सकाळी रक्तपेढीचं दार उघडलं आणि एकालाही लॉगिन होईना. खाली रक्तदाते बाह्या वर करून बसलेले, काउंटरवर नातेवाईक उभे, आणि सगळे पडदे ठप्प. झटपटनं सासूबाईंना झोपवलं आणि कामं सुरू झाली. असं का झालं ते कुणाला कळलं नाही आणि कुणी शोधलंही नाही. सासूबाईंच्या अंगात आलं, एवढ्यावर विषय मिटला.

त्या दिवसापासून नणंदबाई तिला ऑफिसात ‘मॅडम’ म्हणायला लागल्या. घरी पोरांच्या वाढदिवसाला हसून बोलायच्या, ताटात जास्तीचं वाढायच्या, पण ऑफिसात मॅडम. त्या एका शब्दात किती आणि काय भरलंय, हे जिला ऐकावं लागे तिलाच ठाऊक.

आजची ही दुसरी संधी, आणि शेवटची. साहेबांनी, म्हणजे तिच्या आणि झटपटच्या विभागाच्या प्रमुखांनी, स्वच्छ सांगितलं होतं की सोमवारी दुपारी रक्तपेढी चालवणाऱ्या मोठ्या डॉक्टरांसमोर बैठक आहे. तोवर पहारा टिकला तर कायमचा राहील. पडला तर कायमचा जाईल, आणि पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही. खालच्या मजल्याचा शब्द शेवटचा.

म्हणून या खेपेला तिनं घिसाडघाई केली नव्हती. मंगळवारपासून पहाऱ्याला नुसत्या बघ्याची भूमिका दिली होती. अडवू नकोस, फक्त कुणाला अडवलं असतं ते सांग. पहाऱ्यानं सांगितलं, आणि भरपूर सांगितलं. ते पाहून झटपट म्हणाला होता,

‘एक हुकूम दे. जे जे अडलं त्या सगळ्याला परवानगी देणारे नियम आपोआप तयार होतात.’

‘मागितलं म्हणून द्यायचं?’

‘सगळे तसंच करतात.’

‘मग पहारा कशाला हवा? दारात स्वागताची कमान उभारू.’

तिनं एकेक ओळ वाचून काढली होती. लॉगिनच्या सेवेला नुकत्याच बसवलेल्या नव्या डिस्कवर आपल्या नोंदी लिहायच्या होत्या. रास्त मागणी, दिली. शेजारच्या मशीनवरून कर्मचाऱ्यांची नावं विचारायची होती, तीही दिली. दुसऱ्या प्रोग्रॅमच्या तात्पुरत्या फाईलींमध्ये डोकावायचं होतं. ही नुसती जुनी खोड, ती दिली नाही. मग आली किल्ली. लॉगिन झालेल्या प्रत्येकाला सेवा एक पास देते आणि त्यावर आपली सही करते. सही करायची ती किल्ली एका फाईलमध्ये असते. त्या फाईलवरचं लेबल चुकीचं होतं, कुणाच्या तरी घरगुती, म्हणजे खासगी, फोल्डरचं. नव्या डिस्कवर सामान नेताना राहिलं असेल असं समजून तिनं ते सुधारलं आणि पुढे गेली. त्यानंतर पहाऱ्याची काही तक्रार आली नाही. शनिवार, रविवार अगदी शांत गेले. म्हणून आज सकाळी तिनं बघ्याचा पहारेकरी केला आणि एंटर दाबलं.

चहा आला. तिनं एक घोट घेतला आणि फोन वाजला.

‘मॅडम, बंद पडलं.’ नणंदबाईंचा आवाज अगदी सपाट होता. ‘कुणालाच लॉगिन होत नाहीये. काउंटरवर पिशवी थांबलीय, ती मी कागदावर लिहून, सही करून सोडते. तुम्ही तुमचं बघा.’

तीच वेळ, तोच वार, तीच तऱ्हा. फोन ठेवते तोच साहेब दारात उभे.

‘आधी झोपवा. कारण नंतर शोधा.’

झटपटचा हात कीबोर्डवर पोचलाही होता.

‘हात लावू नकोस,’ ती म्हणाली. इतक्या हळू म्हणाली की त्यानं खरंच हात मागे घेतला.

तिनं पहाऱ्याच्या नोंदी उघडल्या. एकच नकार होता, पण पुन्हा पुन्हा दिलेला. मागणारी लॉगिनची सेवा, मागितलेली वस्तू किल्लीची फाईल, आणि त्या फाईलवरचं लेबल घरगुती फोल्डरचं. मंगळवारी स्वतःच्या हातानं सुधारलेलं लेबल पुन्हा होतं तसं झालं होतं. तिचा डोळ्यांवर विश्वास बसेना. पण विचार करायची ही वेळ नव्हती. तिनं लेबल पुन्हा सुधारलं आणि खाली फोन लावला.

‘आता बघा.’

पलीकडे कळा दाबल्याचा आवाज आला. मग थोडी कुजबुज.

‘होतंय,’ नणंदबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पहारा अजून जागा होता. तिचा जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही. साहेब दारातून हलले नव्हते.

‘चालू झालं ते ठीक. पण पडलं कशामुळे?’

‘माहीत नाही.’

‘दुपारी मोठ्या डॉक्टरांना हेच सांगायचं? माहीत नाही?’

साहेब माणूस वाईट नव्हते, पण एकाच गोष्टीपायी दोनदा तोंडघशी पडायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

‘कारण सापडलं तर ते घेऊन बैठकीला जाऊ. नाही सापडलं तर मी स्वतः बंद करून बैठकीला जाणार. वाईट वाटून घेऊ नकोस.’

वाईट वाटून न घेता ती कामाला लागली. किल्लीची फाईल, तिचं फोल्डर, त्या फोल्डरचे नियम, सगळं चाळून झालं. नियम बरोबर. फोल्डर बरोबर. लेबल आत्ता बरोबर, आणि आठवडाभर बरोबर होतं. मग आज सकाळी काय झालं? झटपट अधूनमधून काहीबाही सुचवत होता, पण त्याची प्रत्येक सूचना कुठून का निघेना, सासूबाईंना झोपवण्यापाशीच येऊन थांबत होती. बैठक जवळ येत चालली होती.

आणि नणंदबाई वर आल्या. त्या कधी वर येत नसत; काम असेल तर वरच्यांनी खाली यावं असा त्यांचा शिरस्ता. अंगात पांढरा कोट, खिशातून हातमोज्यांची बोटं बाहेर डोकावत होती. त्यांनी रिकामी खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसल्या.

‘सापडलं कारण?’

‘नाही.’

‘मग मला समजावून सांगा. दुपारी मला विचारणार आहेत. काय चालू ठेवायचं नि काय बंद करायचं, ते मला कळायला नको?’

तिनं सांगायला सुरुवात केली. लेबल म्हणजे काय, नियम म्हणजे काय, पहारा कुणाला का अडवतो. सांगता सांगता तिच्या ध्यानात आलं की इतक्या महिन्यांत आपण हे यांना कधी सांगितलंच नाही. सिक्युरिटी हा एक शब्द त्यांच्या अंगावर फेकला आणि बाकीचं त्यांना कळायचं नाही असं धरून चाललो. तिला मनातून ओशाळल्यासारखं झालं.

नणंदबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

‘म्हणजे हा लेबल बघून सोडतो. माणूस बघून नाही.’

‘हो.’

‘मोठे डॉक्टर आले तरी?’

‘तरी नाही.’

‘मग हे आमच्यासारखंच झालं की. एवढं सोपं होतं तर इतके दिवस कोड्यात कशाला बोलत होतात?’

नणंदबाई उत्तरासाठी थांबल्या नाहीत. त्यांनी पडद्यावरच्या त्या फाईलकडे बोट केलं.

‘ही जुनी आहे का नवी?’

‘किल्ली दर आठवड्याला बदलते. जुनी जाऊन नवी येते. एकच किल्ली फार दिवस वापरायची नसते.’

‘कधी बदलते?’

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मग वळून वेळापत्रक उघडलं. बघायची गरज नव्हती, तरी पाहिलं.

‘सोमवारी सकाळी. दार उघडायच्या सुमाराला.’

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. झटपट आपली खुर्ची सोडून मागे येऊन उभा राहिला.

‘बनते कुठे?’ नणंदबाईंनी विचारलं.

‘साहेबांनी एक छोटा प्रोग्रॅम करून ठेवलाय. तो त्यांच्या घरगुती फोल्डरमध्ये किल्ली बनवतो आणि मग इथे आणून ठेवतो.’

‘आणतो म्हणजे? नुसती उचलतो आणि ठेवतो?’

‘हो, हलवतो.’

‘लेबल न बदलता?’

नणंदबाई खुर्चीत मागे रेलल्या.

‘आमच्याकडे तपासणी व्हायच्या पिशव्यांचा फ्रीज वेगळा, तपासलेल्यांचा वेगळा. या फ्रीजमधली उचलून त्या फ्रीजमध्ये ठेवली म्हणून पिशवी काही तपासलेली होत नाही. आधी नवं लेबल, मग नवा फ्रीज. मागे एका नव्या मुलीनं तपासून झालेल्या पिशव्या लेबल न बदलता तशाच हलवल्या. रक्त उत्तम होतं. पण काउंटरवरच्या पोरानं त्यातली एकही पिशवी सोडली नाही. ती मुलगी रडायला लागली. मी त्या पोराची पाठ थोपटली आणि तिला लेबलं लावायला बसवलं.’

घोडं कुठे पेंड खात होतं ते आता लख्ख दिसत होतं. फाईलची नवी प्रत काढली तर ती नव्या जागेचं लेबल घेते. तीच फाईल उचलून आणली तर अंगावरचं जुनं लेबल घेऊनच येते. हे काम शिकताना अगदी सुरुवातीलाच तिनं हे घोकलं होतं, आणि घोकलेलं ऐन वेळी आठवलं नव्हतं. मंगळवारी तिनं लेबल सुधारलं, ते फक्त त्या आठवड्याच्या किल्लीचं. आज नवी किल्ली आली ती साहेबांच्या घरचं लेबल लावून, आणि पहाऱ्यानं तिला दारातच अडवलं. गेल्या खेपेच्या सोमवारीही हेच झालं असणार. पहारा त्याही दिवशी बरोबरच वागला होता आणि फुकट बदनाम झाला होता.

‘सासरी आली तरी माहेरचं लेबल लावूनच,’ ती स्वतःशी बोलावं तसं बोलली.

‘मग तुझ्यासारखंच की,’ नणंदबाई म्हणाल्या. ‘इतकी वर्षं झाली, तुझं काही उतरत नाही.’

झटपट फिस्सकन हसला. तीही हसली. नणंदबाई हसल्या नाहीत, पण ऑफिसात त्यांच्या तोंडून आलेलं ते ‘तुझं’ ऐकून तिच्या खांद्यांवरचा ताण जरा सैल झाला.

दुरुस्ती एका ओळीची होती. किल्ली हलवून झाली की जागेप्रमाणे लेबल लाव, एवढंच त्या छोट्या प्रोग्रॅमला सांगायचं. साहेबांना बोलावलं, कारण प्रोग्रॅम त्यांचा. त्यांनी ती ओळ वाचली, मग आपल्या जुन्या ओळी वाचल्या.

‘तेव्हा चालायचं,’ ते म्हणाले.

‘तेव्हा बघणारंच कुणी नव्हतं ना,’ नणंदबाई म्हणाल्या.

साहेबांनी ते मनावर घेतलं नाही, किंवा तसं दाखवलं नाही. झटपट म्हणाला,

‘पण खात्री करायची तर पुढच्या सोमवारपर्यंत थांबायला लागेल.’

‘किंवा किल्ली आत्ता बदलायची,’ ती म्हणाली.

‘भर कामात?’ साहेबांच्या कपाळावर आठ्या आल्या. ‘पुन्हा ठप्प झालं तर बैठकीला जायचीही गरज नाही.’

ती नणंदबाईंकडे वळली. साहेबांना विचारण्यासारखं आता काही राहिलं नव्हतं. माणसं खाली थांबणार होती, पिशव्या खाली थांबणार होत्या. नणंदबाई उठल्या, कोट झटकला.

‘मी खाली काउंटरला उभी राहते. फोन चालू ठेव. मी सांगेन तेव्हा कर, त्याच्या आधी नाही.’

त्या जिना उतरून गेल्या. मग फोनमधून खालच्या मजल्याचे आवाज यायला लागले. फ्रीजचं दार बंद झालं, कुणाला तरी हात दाबून धरायला सांगितलं, कुणी बिस्किटाचा पुडा फोडला. नणंदबाईंनी एका नातेवाइकाला पिशवी देऊन वाटेला लावलं. मग त्यांचा आवाज जवळ आला.

‘हं, कर.’

तिनं केलं. जुनी किल्ली गेली, नवी बनली, हलली, आणि नव्या जागी बसली. तिनं लेबल पाहिलं. बरोबर होतं. पण पडद्यावर बरोबर असणं आणि खाली बरोबर असणं यांत किती अंतर असतं ते तिनं आज सकाळीच पाहिलं होतं. ती नुसती फोन कानाला लावून बसली.

‘सगळ्यांनी बाहेर पडा आणि पुन्हा लॉगिन करा,’ नणंदबाई खाली सांगत होत्या. ‘सगळ्यांनी. तूही.’

‘झालं,’ एक आवाज आला.

‘माझंही झालं.’

‘माझं पण.’

‘ताई, माझं होत नाहीये.’

साहेबांनी टेबलाची कड धरली.

‘कॅप्स लॉक बघ,’ नणंदबाई म्हणाल्या.

‘अरे हो. झालं, झालं.’

झटपटनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तिला इतका आनंद झाला की तो ठेवायचा कुठे ते कळेना. तिनं उगाचच टेबलावरची पेनं सरळ केली, मग चहाचा थंडगार झालेला कप एका दमात रिकामा केला. पहारा जागा होता, लॉगिन होत होतं, आणि दोन्ही एकाच वेळी. इतके महिने ज्याला सगळे अशक्य म्हणत होते ते हेच होतं. साहेब जाता जाता तिच्या खुर्चीच्या पाठीवर दोनदा थापटून गेले.

बैठकीत त्यांनी काही लपवलं नाही. सकाळी लॉगिन बंद पडलं होतं, चूक आपल्या जुन्या प्रोग्रॅमची होती, ती सापडली आणि भर कामात तपासून पाहिली, असं सगळं सरळ सांगितलं. मोठ्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं. त्यांना बारकावे नको असायचे, निकाल हवा असायचा.

‘खालच्या मजल्याचं काय म्हणणं?’

सगळ्यांच्या माना नणंदबाईंकडे वळल्या. त्या हात बांधून बसल्या होत्या.

‘मला आधी एक बघायचंय,’ त्या म्हणाल्या. ‘तो चोर जे करून गेला ते आत्ता इथे करून दाखवा. आणि साहेबांनी करावं. त्यांना सर्व्हरवर सगळे अधिकार आहेत ना?’

‘सगळे,’ साहेब म्हणाले.

हे तिला ठाऊक नव्हतं. नणंदबाईंनी असं काही विचारायचं ठरवलंय याचा त्यांनी वाससुद्धा लागू दिला नव्हता. साहेबांनी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सर्व्हर उघडला, मालकाचे अधिकार घेतले, आणि त्या चोरानं केलं होतं तसं लॉगिनच्या सेवेच्या तोंडून रक्तदात्यांची यादी मागितली. तिनं नजर टेबलावर ठेवली. नियम तिनं लिहिले होते, पुन्हा पुन्हा वाचले होते, तरी वर बघवेना.

पडद्यावर उत्तर आलं. परवानगी नाही.

साहेबांनी दुसऱ्या वाटेनं मागितली. परवानगी नाही.

‘साहेब, तुम्हालाही नाही?’ मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

‘मलाही नाही,’ साहेब म्हणाले, आणि का कुणास ठाऊक, त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता.

नणंदबाईंनी बांधलेले हात सोडले.

‘चालू राहू द्या.’

‘कायमचं?’

‘पिशव्यांना लेबलं आम्ही काय अधूनमधून लावतो?’

मोठे डॉक्टर हसले आणि पुढच्या विषयाकडे वळले. पुढचा विषय पार्किंगचा होता आणि त्यावर बराच वेळ वादावादी चालली, पण तिच्या कानावर त्यातलं काही गेलं नाही. महिनोन् महिने पाठीवर वाहिलेलं ओझं उतरलं होतं, आणि ते आपण एकटीनं उतरवलं असं ती मनाशी म्हणायला गेली, तर शेजारी नणंदबाई बसलेल्या. तिनं मनातल्या मनात ते वाक्य दुरुस्त केलं.

बैठक संपल्यावर जिन्याच्या तोंडाशी नणंदबाई थांबल्या.

‘झटपटनं माझ्या लॉगिनला काय काय उघडून दिलंय?’

‘जवळजवळ सगळंच,’ ती म्हणाली. ‘तुम्हाला काही अडलं की तो देत गेला.’

‘ते सगळं काढ. कामाला लागतं तेवढं ठेव. काउंटरवरच्या पोरांना असतं तेवढं.’

‘ताई, तुम्ही मुख्य आहात इथल्या.’

‘म्हणून तर सांगतेय. पुढच्या खेपेला चोर आला तर नाव कुणाचं चोरेल? त्या पोरांचं का माझं?’

‘उद्या करते,’ ती म्हणाली.

‘आज कर,’ नणंदबाई म्हणाल्या आणि खाली गेल्या.

तिनं त्याच दुपारी केलं. झटपट बाजूला बसून आपणच दिलेल्या परवानग्या एकेक करून जाताना बघत होता आणि दर वेळी ‘अरेरे’ म्हणत होता. अखेर जे उरलं ते फारच थोडं होतं. तिनं ते पुन्हा एकदा वाचलं, जतन केलं आणि खुर्चीत मागे टेकली.

थोड्या वेळानं फोन वाजला.

‘मला रक्तदात्यांचे फोन नंबर दिसत नाहीयेत,’ नणंदबाई म्हणाल्या.

‘दिसणार नाहीत, ताई.’

‘मी सांगितलं तरी?’

‘तरी नाही.’

वीसएक वर्षांत या इमारतीत त्यांना कुणी नाही म्हटलं नव्हतं, आणि घरात तर त्याहून नाही.

‘छान,’ त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.